वरून काच, आत वाख

सातपूर, नाशिक
११ नोव्हेंबर १९७९

सौ. सुलाआक्कास,
सप्रेम जयभीम.

तू म्हणशील, परवाच तर पोटभर जेवून गेला, लगेच पत्र कशाला? तर ऐक. कामच तसं निघालंय, आणि ते तुझ्याकडचं आहे.

मी कारखान्यातलं काही सांगायला लागलो की तू पदर तोंडाला लावून हसतेस. काचेची चटई कुठं असते का म्हणतेस. अगं, असते. काचेचे केसाहून बारीक धागे काढतात आणि त्याची चटई होऊन ती मुंबईहून आमच्याकडे येते. आम्ही साच्याला आधी मेण पुसतो, म्हणजे माल साच्याला धरत नाही, सुटून येतो. मग चटई अंथरायची, तिच्यावर रेझीन म्हणजे पातळ राळ ओतायची आणि रोलरने दाबायची. त्यात हार्डनर मापात पडला की दोन तासांत दगड. असे आम्ही पत्रे करतो, पाण्याच्या टाक्या करतो. काचेची कुसं अंगात घुसून जी खाज सुटते ती मात्र तुला सांगून कळायची नाही. माझ्या गळ्याला सारखे चट्टे.

पण काच महाग, आणि ती वेळेवर येईल तर शपथ. मागल्या महिन्यात आठ दिवस नुसते हातावर हात ठेवून बसलो. बसल्या बसल्या मला तुमच्या बांधावरचा घायपात आठवला. इथं त्र्यंबक रोडला कुंपणाला घायपात आहेच. दोन पाती तोडली, ठेचली, आतल्या धाग्यांचा वाख काढून वाळवला आणि काचेच्या दोन थरांमध्ये घालून हातभर फळी केली. वरून काच, आत वाख, खालून काच. आमच्या कारखान्यातला मंगळू तिच्यावर उभा राहून नाचला तरी फळी हलेना.

नुसता वाख घातला तर तो पाणी पितो आणि फुगतो. नुसती काच परवडत नाही. पण दोघांचा संसार लावून दिला की काच पाणी आत येऊ देत नाही आणि वाख पोट भरतो. आमचे खंडेराव शेठ पहिल्यांदा हसले, मग फळी हातात घेऊन बराच वेळ उलटीपालटी करत राहिले. शेतकऱ्याच्या घरातला माणूस आहे, घायपात ओळखतो. म्हणाले, "जयराम, चांगला वाख आण, करून बघू."

तर दोन किलो वाख ताबडतोब पाठव. अगदी उद्याच्या उद्या. कांद्याचा ट्रक पंचवटीच्या बाजारात येतो, ड्रायव्हरजवळ दे, मी तिथून घेतो.

दाजींना सांग, हे जमलं तर विहिरींच्या कामावर जायला नको. मनात तेवढंच आहे. सुरुंगाने एक कान गेला तेवढा पुरे झाला.

तुझा
जयराम


पिंपळदरे, ता. चांदवड
१६ नोव्हेंबर १९७९

चि. जयरामास,
आक्काचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि माझी झोप उडवलीस बाबा. उद्याच्या उद्या म्हणे! घायपात काय कोथिंबीर आहे, उपटली आणि जुडी बांधली? पाती कापा, ठेचा, ओढ्यात कुजत घाला, मग खरवडून धुवा, वाळवा. घरात थोडा वाळलेला होता तो गाठोड्यात बांधून ट्रकवर टाकलाय. उघडाबोडका आहे, ना विंचरला ना त्याचं तेलपाणी केलं. असा वाख माझ्या हातून घराबाहेर गेला नाही कधी. माझ्या सासूने बघितला असता तर मला बांधालाच उभं केलं असतं. शेठला दाखवू नकोस, म्हणेल जयरामची बहीण गबाळी आहे. पुढच्या खेपेला नीट करून देईन.

यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. उजव्या कानाशी बसून वाचावं लागतं आता. काचेचं आणि वाखाचं लग्न ऐकून लय हसले. म्हणाले, "तुझ्या भावाचं डोकं चालतं, पर पाय जमिनीवर ठेव म्हणावं." बहिरू मुकादम येऊन गेला होता. धरमपूरकडे विहिरी धरल्यात त्याने, माणसं गोळा करतोय. यांनी त्याला अजून काही सांगितलं नाही. तुझ्या उत्तराची वाट बघतात, पण तसं म्हणत नाहीत.

गळ्याला खोबरेल लाव.

तुझी
आक्का


सातपूर
२० जानेवारी १९८०

आक्का,
जयभीम.

जमलं! तुझ्या त्या उघड्याबोडक्या वाखाने माझी मान वर केली. बारा फळ्या केल्या. नुसत्या काचेच्या सहा, वाख घातलेल्या सहा. दोन टोकांना विटा, मधे वाळूची पोती. नुसत्या काचेचीने चार पोती घेतली, आपलीने साडेतीन. साडेतीन, आक्का! आणि काच निम्मी. मग फळ्या पंधरा दिवस पाण्यात बुडवून ठेवल्या, काही झालं नाही. कडा मात्र राळेने बंद कराव्या लागतात, नाहीतर तिथून वाख पाणी ओढतो.

शेठनी सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारली. सुरगाण्याकडे एक संस्था आश्रमशाळा चालवते, त्यांना चाळीस टाक्या पाहिजेत. तिथल्या पोरी अजून डोंगराखालून डोक्यावर पाणी नेतात. एप्रिलमध्ये त्यांचा इंजिनिअर येणार, पहिली टाकी त्याच्यासमोर भरून दाखवायची. पास झाली की चाळीसच्या चाळीस आपल्या. आणि मग शेठ चांदवडला वाखाची शेड टाकणार, दाजी तिथलं काम बघणार. मी बोलून घेतलंय. शेठनी शब्द दिलाय.

एक क्विंटल वाख पाहिजे, मार्चअखेर. दोनच गोष्टी सांभाळा. कचरा नको, आणि ओल तर बिलकुल नको. ओल आमची वैरी. खडखडीत वाळवा. बाकीचं तुमच्या हाताला माहीत आहे, मी काय सांगू?

दाजींना म्हणावं, बहिरूला नाही म्हणून सांगा. माझ्या भरवशावर सांगा.

जयराम


पिंपळदरे
२३ मार्च १९८०

चि. जयराम,
अनेक आशीर्वाद.

माल ट्रकवर चढवला आणि आता अंगणात बसून लिहिते आहे. बोटं वळत नाहीत, अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस.

यांनी बहिरूला नाही सांगितलं. तोंडावर सांगितलं. बहिरू चिडला, म्हणाला, "मेव्हण्याच्या प्लास्टिकवर संसार करणार व्हय?" हे विळा घेऊन बांधावर गेले. दोन महिने आम्ही दोघं दुसरं काही केलं नाही बघ. यांनी पाती कापायची, ठेचायची. त्याचा चीक अंगाला लागला की तुझ्या काचेसारखीच खाज, तेव्हा आता आपण सारखे. ओढ्याला असा वास सुटला की शेजारची नवसाबाई म्हणाली, आक्का, तुमच्या घरावरून जायचं म्हणजे नाक घरी ठेवून यावं लागतं. पण तीच रोज खरवडायला येऊन बसायची.

आपल्या बांधावरचा घायपात पुरतो की नाही अशी मला धाकधूक होती. पुरला. बाहेरचं एक पातं आणलं नाही. एकेक जुडी माझ्या हाताखालून गेली आहे. काय केलं ते लिहीत नाही, जुडी उघडलीस की तुलाच कळेल. मागच्या वेळची लाज भरून काढली एवढंच सांगते. शेवटी मात्र आठ दिवस कडक उन्हात ठेवला, ओलीचा भरवसा नको म्हणून.

हे परवा बसल्या बसल्या म्हणाले, चांदवडला रोज जायचं तर सायकल लागेल. इतक्या वर्षांत या माणसाने आपल्यासाठी काही लागेल असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मला रडूच आलं.

जयंतीला ये. पुरण घालते.

आक्का


सातपूर
२ एप्रिल १९८०

आक्का,

माल पोचला. पेंडी सोडली आणि सगळा कारखाना गोळा झाला. हा वाख आहे का रेशीम? मागच्या वेळचा राठ, पिवळट, हातात टोचणारा. हा मऊ, चकचकीत, एकसारखा. मंगळू म्हणाला, बाईचे केस कापून पाठवले की काय! शेठ खूश. टाकी उद्या साच्यात घालतो. इंजिनिअर एकवीस तारखेला येतोय, त्यामुळे जयंतीला येणं जमत नाही, राग मानू नकोस. पास झाली की पेढे घेऊनच येतो.

दाजींना म्हणावं, सायकल बघून ठेवा.

जयराम


सातपूर
२ मे १९८०

सौ. सुलाआक्कास आणि मल्हारी दाजींस,

हे पत्र दाजींना वाचून दाखव. सगळं.

टाकी फुटली. सकाळी भरली तेव्हा ठीक होती. इंजिनिअर खुर्ची टाकून समोर बसला होता, शेठ त्याला चहा देत होते. अकराच्या सुमारास टाकीचं पोट सुटल्यासारखं दिसायला लागलं. मी हात लावून बघतो तर आत थर सुटे झालेले, कांद्याचे पापुद्रे सुटतात तसे. मी "बाजूला व्हा" म्हणेपर्यंत टाकी वरून खालपर्यंत उकलली. पाणी इंजिनिअरच्या बुटांवरून गेलं. कुणाला लागलं नाही, पण तो उठून गेला तो गेलाच. शेठ मला सगळ्यांसमोर म्हणाले, "नमुन्याला एक माल आणि टाकीला दुसरा? घरच्यांचा माल आणून घातलंस मला खड्ड्यात."

मी फुटलेला तुकडा हातात घेऊन बसलो. त्यातून वाख ओढला तर सरळ बाहेर आला. कोरा. राळेने त्याला धरलंच नव्हतं. नोव्हेंबरचा वाख फळीतून तोडल्याशिवाय निघत नव्हता. माझंही काही चुकलं नाही, मापं मी स्वतः घातली होती.

म्हणून सरळ विचारतो. हा तुमच्या बांधावरचाच वाख होता का? दोघांचा रंग वेगळा, दोघांची चमक वेगळी. हा त्या वाखाच्या जातीचाच नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. दाजी, तुम्ही क्विंटल भरायला बाजारातला अंबाडीचा नाहीतर आणखी कसला माल मिसळला का? बांध पुरला नाही तर तसं कळवायचं होतं. मी थांबलो असतो. मी तुमच्यासाठी शेठच्या पाया पडलो होतो, आणि तुम्ही माझ्या तोंडावर माती टाकलीत. आक्काला यातलं माहीत नसेल, तिला मी काही म्हणत नाही.

शेठनी मला कामावरून काढलं आहे.

जयराम


पिंपळदरे
१९ मे १९८०

जयराम,

तू सांगितलंस म्हणून वाचून दाखवलं. उजव्या कानाशी बसले आणि वाचलं. मधली चार वाक्यं मी गाळणार होते, पण माझा आवाज बदलला तो त्यांना कळला. म्हणाले, "गाळू नगं. समदं वाच." मग सगळं वाचलं.

जेवले नाहीत. सकाळी पहार आणि घण घेऊन बहिरूच्या घरी गेले. ज्याला तोंडावर नाही म्हटलं होतं त्याच्या दारात उभे राहिले. बहिरूने सगळ्यांसमोर हसून घेतलं आणि टोळीत घेतलं. जाताना मला एवढंच म्हणाले, "तुझ्या भावाला लिही, एक काडी भायेरची नाय."

मी लिहिलं.

सुलाबाई


अंबड, नाशिक
१८ ऑक्टोबर १९८१

आक्का,
जयभीम.

दीड वर्ष झालं. मी चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. तूही लिहिलं नाहीस, ते बरोबरच आहे.

मी आता अंबडला एका लहान कारखान्यात आहे. काम तेच, हेल्मेटं आणि पंख्यांची कवचं. मंगळूही इथं आला आहे. वाखाचं नाव मी कुठं काढत नाही.

आज एक विचारायचं आहे. एवढंच सांग आणि मग वाटलं तर पुन्हा बोलू नकोस. सकाळी मंगळू साच्याला मेण पुसत होता. हे मी नऊ वर्षं रोज बघतो. मेण कशाला पुसतात, तर राळेने साच्याला धरू नये म्हणून. तुपट, तेलकट कशालाही राळ धरत नाही. त्याच्याकडे बघता बघता मी हातातलं काम खाली ठेवलं. घरी येऊन ट्रंकेतली तुझी जुनी पत्रं काढली. नोव्हेंबरच्या पत्रात तू लिहिलं आहेस, ना विंचरला ना तेलपाणी केलं.

आक्का, मार्चच्या वाखाला तू काही लावलं होतंस का?

जयराम


पिंपळदरे
५ नोव्हेंबर १९८१

जयराम,
जयभीम.

तुझं अक्षर बघून आधी पाकीट तसंच ठेवणार होते. मग फोडलं. काही झालं तरी तू माझ्या पाठचा आहेस.

विचारतोस म्हणून सांगते. लावलं होतं म्हणजे काय, लावल्याशिवाय देईन का? चांगला वाख म्हणजे तेलाचा हात फिरलेला वाख. लग्न होऊन आले तेव्हा सासूने पहिलं तेच शिकवलं, कोरडा वाख देणं म्हणजे पोरीला न विंचरता शाळेत पाठवणं. तेल दिलं की तो तुटत नाही, वळताना हाताला बोचत नाही, दोराला चमक येते. आमचा कासरा चांदवडच्या बाजारात लोक हात लावून ओळखतात तो त्यासाठीच.

तुझ्या मालाला तर मी जास्तच जीव लावला. ओढ्याकाठी करंज आहेत. पाती कुजत असायची तेव्हा मी आणि नवसाबाई शेंगा वेचायचो. महिनाभर वेचल्या. फोडून, वाळवून, पाटी डोक्यावर घेऊन चांदवडच्या घाण्यावर गेले आणि तेल काढून आणलं. मग एकेक जुडी मांडीवर घेऊन फणीने विंचरली आणि तळहाताने तेल दिलं. मुळापासून टोकापर्यंत. हे म्हणायचे, "अगं, टाकीच्या पोटात जायचाय तो, कोण बघतंय?" मी म्हणायचे, माझा भाऊ बघतोय. जास्तीचं तेल उन्हात मुरवलं. तुला जुडी उघडल्यावर कळेल म्हणून लिहिलं नव्हतं.

तेल शुद्ध होतं, भेसळीचं नव्हतं. तू हे का विचारतोस? कमी पडलं होतं का रे?

हे अजून आले नाहीत. पहिल्या वर्षी दिवाळीला दोन दिवस आले होते. बांधाकडे एकदाही गेले नाहीत. आता दुसऱ्या कानालाही कमी येतं. यंदा होळीला आलेच नाहीत. आषाढात एक कार्ड आलं, दुसऱ्या कुणाच्या अक्षरात, खुशाल आहे म्हणून. त्यावर पत्ता नव्हता.

आक्का


अंबड
२ डिसेंबर १९८१

आक्का,

तेल कमी पडलं नव्हतं. तेलाचा काही संबंध नाही. मी उगाच विचारलं, ते डोक्यातून काढून टाक.

चूक माझी होती. हार्डनरचं माप मी चुकवलं. त्या दिवशी घाईत होतो, इंजिनिअर येणार म्हणून घाबरलो होतो. माप कमी पडलं आणि राळ कच्ची राहिली. हे मला आता इथं नीट काम शिकल्यावर कळलं. तुमचा वाख चांगला होता. दाजींची एक काडीही बाहेरची नव्हती. मी नालायक आहे, मी त्यांच्यावर आळ घेतला.

सोबत दाजींच्या नावाचं पाकीट आहे. त्यात मी त्यांची माफी मागितली आहे. त्यांना पोचतं कर. ते आले की मी पिंपळदऱ्याला येतो आणि चार माणसांत त्यांचे पाय धरतो. बहिरूच्या समोर धरतो. नव्या मालकाला मी परवा वाखाचं बोललो. तो म्हणाला, ती फुटलेली टाकी सगळ्या नाशकात माहीत आहे, परत तोंड उघडू नकोस. तेव्हा शेड वगैरे आता होणे नाही. पण दाजी घरी येऊ देत.

तुझा
जयराम


पिंपळदरे
१४ फेब्रुवारी १९८२

चि. जयराम,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. आधी बहिरू परत येण्याची वाट बघत होते. तो पौष सरता सरता आला. त्याच्याकडे तुझं पाकीट घेऊन गेले. तो म्हणतो, मल्हारी दिवाळीच्या आधीच टोळी सोडून गेला. कुठल्या तरी गुजराथ्याबरोबर पुढं गेला. पुढं म्हणजे कुठं, ते त्यालाही माहीत नाही. मी म्हटलं, नीट आठव. त्याने आठवल्यासारखं केलं. मग म्हणाला, "वहिनी, आता त्याला हाक मारली तरी ऐकू येत नाही, सुरुंगाच्या वेळी आम्ही हाताला धरून बाजूला घ्यायचो." हे त्याने मला समजुतीने सांगितलं, चिडवायला नाही. त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

पाकीट फडताळात ठेवलंय. फोडलं नाही. फोडून तरी काय, ते सापडले तरी वाचायला मीच लागणार, आणि आता कुठल्या कानाशी वाचू?

दुसरं. तू मला खोटं लिहिलंस.

तू तेलाचं विचारलंस तेव्हाच मला काही तरी टोचलं होतं. मग तेलाचा संबंध नाही म्हणून तीन ओळी लिहिल्यास. संबंध नाही त्याला तीन ओळी कशाला लागतात? आणि माप मी स्वतः घातलं, काही चुकलं नाही, हे तूच आधी लिहिलं होतंस. मी सातवी पास आहे, जयराम. तुझी पत्रं मीही जपून ठेवली आहेत.

माझ्याकडे राळ नाही. बाभळीचा डिंक आहे. त्या मार्चच्या वाखातली एक जुडी मी आठवण म्हणून ठेवून घेतली होती. तिच्यातला एक पेड घेतला. बांधावरचं एक पातं कापून दुसरा काढला, धुतला, वाळवला, त्याला हात लावला नाही. दोन्ही डिंकात बुडवून दोन करवंट्यांत उन्हात ठेवले. चार दिवस. मग ओढले. कोरडा निघेना. मी पाय लावून ओढला, करवंटी फुटली पण तो निघाला नाही. तेलाचा नुसता ओढला आणि सरळ हातात आला. कोरा. तू लिहिलं होतंस तस्साच.

नवसाबाई बघत होती. म्हणाली, काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही.

म्हणजे मी आळस केला असता तर टाकी टिकली असती. पहिल्या खेपेसारखा ओबडधोबड, लाज वाटेल असा पाठवला असता, तर आज हे सायकलवर चांदवडला गेले असते. महिनाभर मी आणि नवसाबाईने शेंगा वेचल्या त्या याच्यासाठी. हे म्हणायचे, कोण बघतंय. मी ऐकलं नाही.

तुझ्यावर रागावू म्हटलं तर तू तरी काय केलंस? तू लिहिलंस, बाकीचं तुमच्या हाताला माहीत आहे. ते खरंच होतं. हाताला जे माहीत होतं तेच हाताने केलं. तू यांच्यावर आळ घेतलास तो खरा वाटून घेतलास, आणि मला वाचवायला खोटं लिहिलंस. आता यांना सांगायचं ते मला सांगायचं आहे, की तुमच्या बायकोने केलं, तुम्ही नाही, भावानेही नाही. तेवढं ऐकायला ते एकदा यावेत. ऐकू आलं नाही तर मी करवंट्या दाखवीन. मी त्या ठेवल्या आहेत.

तू येऊ नकोस. आलास तर गाव विचारील, आणि तुझ्या तोंडून पुन्हा खोटं निघेल.

या ट्रकवर एक जुडी ठेवली आहे, पंचवटीतून सोडवून घे. नुसता धुतला आणि वाळवला आहे. विंचरायला चार वेळा हात गेला, चारही वेळा मागे घेतला. तुझ्या राळेत घालून बघ. मन राहणार नाही तुझं, मला माहीत आहे.

धरला, तर मला कळवू नकोस.

तुझी
आक्का